ॲसिडिटी घेऊन येऊ नका, जळजळ घेऊन या

"डॉक्टर, ॲसिडिटी वाढलीय. गॅस पार वर चढलाय. एखादी गोळी लिहून द्या, लगेच निघतो."

डिसेंबरची सकाळ होती. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देऊन काका तसेच दवाखान्यात आले होते. वय पंचावन्नच्या आसपास. बाहेर थंडी, आणि यांच्या कपाळावर घाम. मी म्हटलं, "काका, ॲसिडिटी हा शब्द जरा बाजूला ठेवा. घरी काकूंना काय सांगितलंत?"

"तिला म्हणलं, छातीवर कुणी खताचं पोतं ठेवल्यागत वाटतंय. जबडा बी अवघडलाय."

लगेच इसीजी काढला. हार्ट अटॅक होता. प्राथमिक उपचार करून त्यांना बारामतीला पाठवलं आणि ते वाचले. इसीजीचं यंत्र माझ्या टेबलाशेजारीच होतं, पण ते लावायला मला कामाला आलं ते काकांचं दुसरं वाक्य. पहिलं वाक्य ऐकून मी गोळी लिहिली असती तर?

हा 'तर' माझ्यासाठी नुसता कल्पनेतला नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटला मी तो पुढचा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी 'ॲसिडिटी' म्हटलं, मी ॲसिडिटीची गोळी दिली. संध्याकाळी घरचे त्यांना पुन्हा घेऊन आले तेव्हा उशीर झाला होता. चूक माझी होती. पण त्या दिवसापासून या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि आज ते तुमच्यासमोर मांडतोय.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. लक्षण तुमचं, निदान आमचं. तुम्ही अंगात काय होतंय ते तुमच्या घरच्या भाषेत सांगायचं आणि त्याला डॉक्टरी नाव आम्ही द्यायचं. हल्ली उलटं चाललंय. पेशंट इंग्रजी नाव घेऊन येतो, आणि अंगात जे होतंय ते घरीच ठेवून येतो.

हे शब्द तुम्हाला शिकवले कुणी?

आम्हीच. तुम्ही म्हणालात "छातीत जळजळतंय", आम्ही म्हणालो "ॲसिडिटी आहे". तुम्ही म्हणालात "हातपाय गळून गेलेत", आम्ही म्हणालो "वीकनेस आहे". पुढच्या वेळी तुम्ही आमचेच शब्द आम्हाला परत आणून दिले, कारण डॉक्टरांसमोर डॉक्टरांच्या भाषेत बोलावं असं तुम्हाला वाटलं. त्यात टीव्हीवरच्या जाहिरातींची भर पडली. आणि काही ठिकाणी तर काउंटरवरचा माणूसच म्हणतो, "काय होतंय ते नीट सांगा", आणि 'नीट' म्हणजे इंग्रजीत, असा त्याचा अर्थ असतो.

सून शिकलेली असेल तर सासूबाईंना गप्प बसवून तीच बोलते. "मम्मींना चेस्ट पेन आहे आणि गिडीनेस." आजी मागून हळूच काहीतरी सांगत असतात. मला ऐकायचं असतं ते नेमकं आजी काय म्हणतात ते.

ॲसिडिटी: एकाच शब्दात पाच तक्रारी

'ॲसिडिटी' म्हणणाऱ्या पेशंटला खोदून विचारलं की आतून वेगवेगळ्या गोष्टी निघतात. कुणाच्या छातीत जळजळतं. कुणाला घशाशी आंबट येतं. कुणाचं पोट जेवल्यावर तट्ट फुगतं. कुणाला सकाळी नुसती मळमळ. आणि कुणाची छाती आवळते. पहिल्या चार तक्रारी बहुतेक वेळा पोटाच्या असतात. पाचवी हृदयाची असू शकते, आणि तिच्यात तासातासाने नव्हे, मिनिटामिनिटाने नुकसान होत असतं.

गोंधळ होण्याला शरीरातलं कारणही आहे. हृदय, अन्ननलिका आणि जठराचा वरचा भाग यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात पोचतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठून येतंय हे मेंदूलाही नीट कळत नाही. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असेल तर बेंबीच्या वर दुखतं, उलटी होते, ढेकर येतात. मधुमेह असणाऱ्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही; नुसता दम लागतो, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ॲसिडिटीची गोळी घेऊन थोडं बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असंही ठरत नाही.

गंमत म्हणजे इंग्रजी भाषाही इथे फसवी आहे. 'हार्टबर्न' या शब्दाची फोड केली तर हृदय जळणं असा अर्थ होतो. प्रत्यक्षात त्याचा हृदयाशी संबंध नाही. ती अन्ननलिकेतली जळजळ. उलट, हृदयाचं दुखणं असलेल्या पुष्कळ जणांना 'पेन' हा शब्दच पटत नाही. ते म्हणतात, "दुखत नाही हो, दाबल्यागत होतंय." डॉक्टरने 'पेन आहे का' एवढंच विचारलं तर उत्तर 'नाही' असं येतं, आणि ते उत्तर खरंही असतं!

१७६८ साली लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी एका दुखण्याचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं आणि ते १७७२ साली छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातीत काहीतरी दाटून येतं आणि थांबलं की जातं. त्यांनी त्याला 'अंजायना' हे नाव दिलं. या लॅटिन शब्दामागे गळा आवळल्याची, घुसमटीची कल्पना आहे. तेव्हा इसीजी नव्हता, रक्ताच्या तपासण्या नव्हत्या. एवढा मोठा आजार ओळखला गेला तो मुख्यतः पेशंटचं बोलणं कान देऊन ऐकल्यामुळे. तुमची 'छाती आवळणं' आणि 'छाती भरून येणं' त्याच घराण्यातली आहेत.

वीकनेस: सर्वांत धोकादायक शब्द

"वीकनेस आलाय, एक सलाईन लावा." हे वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येतं.

डॉक्टरी इंग्रजीत 'वीकनेस' म्हणजे थकवा नव्हे. त्याचा अर्थ स्नायूतला जोर कमी होणं. मोठ्या हॉस्पिटलच्या कागदावर 'उजव्या हाताला वीकनेस' असं लिहिलं असेल तर ते बहुधा अर्धांगवायूबद्दल असतं. आता विचार करा. वडिलांच्या हातातून पहाटे चहाचा कप निसटतो. आई पुण्यातल्या मुलाला फोन करते, "यांना वीकनेस आलाय." मुलगा म्हणतो, "नारळपाणी द्या, उद्या बघू." मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्याकडून बारामती पन्नासएक किलोमीटर आणि पुणे त्याहून कितीतरी लांब. एका शब्दापायी ही वेळ निघून जाते.

आपल्या आज्या या दुखण्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणायच्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, असं त्या सांगायच्या. हे तिन्ही आजही आम्ही तपासतो: चेहरा, हात, बोलणं. आजीचं मराठी ऐकून कुणी 'उद्या बघू' म्हटलं नसतं.

आणि खरोखर थकवाच असेल तर? तरीही 'वीकनेस' म्हणून भागत नाही. चार पायऱ्या चढून दम लागत असेल तर रक्त कमी असू शकतं. पाळीत अंगावरून जास्त जात असेल आणि ते सांगायला लाज वाटून तुम्ही 'वीकनेस' म्हणत असाल, तर मूळ कारण तसंच राहतं. रात्री चारदा लघवीला उठावं लागत असेल तर साखर बघायला हवी. सकाळी उठूच वाटत नाही, कशात मन लागत नाही, तर वेगळंच बोलायला हवं. या सगळ्यांवर एकच सलाईन? अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत, पाच टक्क्यांची असेल तर, पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. एवढ्यासाठी शीर टोचून घ्यायची आणि पैसे मोजायचे, आणि आजार मात्र घरी परत न्यायचा.

'बीपी लो झाला'

तसंच हे. बीपी मोजलं तर व्यवस्थित निघतं. मग विचारावं लागतं, "म्हणजे नेमकं काय झालं?"

मराठीत याची उत्तरं किती स्वच्छ आहेत बघा. कूस बदलली की घर फिरल्यासारखं गरगरतं: बहुधा कानाच्या आतला बिघाड. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते: मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतंय, बीपीच्या गोळ्या, अंगातलं पाणी, रक्त, हृदयाचे ठोके बघायला हवेत. डोकं ठीक आहे पण चालताना तोल जातो: पायाच्या नसा किंवा मेंदू. भूक लागली की हातपाय कापतात, घाम येतो: साखर कमी झाली असेल. गरगरणं, अंधारी, तोल जाणं, कापरं. चार शब्द, चार वेगळ्या वाटा. आणि आपण चारही वाटा बुजवून वर 'लो बीपी'ची पाटी लावली.

तुमच्या शब्दांत अर्धं निदान असतं

हे मी भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही, कामाच्या अनुभवावरून म्हणतो. काही उदाहरणं देतो.

- ठसठसणं: नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणं. गळू असेल तर आत पू धरतोय का ते मी बघतो.
- सलणं: आत काहीतरी राहिल्यासारखं. पाचट तुडवलेल्या पायात काट्याचं टोक मोडलेलं असतं.
- कळ: येते, पिळवटते, जाते. आतडं किंवा मूत्रवाहिनी यांसारख्या पोकळ नळीचं दुखणं असं वागतं. कमरेतून जांघेत उतरणारी कळ म्हटली की मुतखडा डोळ्यांसमोर येतो.
- उसण किंवा चमक भरणं: मोळी उचलताना कमरेत एकदम धरलं. स्नायूचं दुखणं.
- सणक: कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत वीज गेल्यासारखं. इथे शीर दबल्याची शंका येते.
- रग लागणं: काम केल्यावर भरून येणारं दुखणं. पण चालल्यावर पोटरीला रग लागते आणि थांबलं की जाते, असं दर वेळी होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात.
- मुंग्या येणं आणि बधिर होणं: दोन्ही वेगळे. मुंग्यांमध्ये नस कुरकुरते, बधिरपणात ती गप्प झालेली असते. मधुमेह्याने हा फरक जरूर सांगावा. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नसेल तर तेही.
- दात आंबणं: टूथपेस्टच्या जाहिरातीने याला 'सेन्सिटिव्हिटी' केलं. आपला शब्द चिंच खाल्ल्यागत लगेच कळतो.
- उन्हाळी लागणं: लघवीला आग होणं. याला घाईने 'इन्फेक्शन' म्हणू नका. इन्फेक्शन आहे का ते तपासणी सांगेल.

यातला कुठलाही शब्द एकटा निदान करत नाही. पण कुठे शोधायचं ते दाखवतो. 'पेन आहे' हा शब्द काहीच दाखवत नाही.

"पण डॉक्टरकीची भाषा इंग्रजीच ना?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. रिपोर्टची, औषधांची, पुस्तकांची भाषा इंग्रजी आहे, हे खरंच. दुखण्याची भाषा मात्र जगात सगळीकडे घरची असते, इंग्रजांची सुद्धा.

१९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना नीट विचारता यावी म्हणून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. ते शब्द कसले? ठसठसणं, भोसकल्यासारखं, कुरतडल्यासारखं, चटका बसल्यासारखं, अशा अर्थाचे साधे, स्वयंपाकघरातले आणि रस्त्यावरचे इंग्रजी शब्द. त्यांच्या आज्या जसं बोलतात तसे. त्यांनी स्वतःच्या आजीचे शब्द गोळा करून त्यांचं शास्त्र केलं. आपण आपल्या आजीला गप्प बसवून 'चेस्ट पेन' म्हणतो, आणि त्याला प्रगती समजतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार झाले, फलक लागले. चांगलंच झालं. पण जी भाषा आपल्या माणसाला दवाखान्यात छातीतलं दुखणं सांगायला लाज वाटते, तिचा अभिमान आपण कुठे बाळगतो?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मराठीतही पेशंट निदानच घेऊन येतात. 'पित्त झालं' म्हणजे कुणाला आंबट ओकारी, कुणाचं अर्धं डोकं दुखणं, तर कुणाच्या अंगावर उठलेल्या गांधी. 'वात आहे' म्हणजे गुडघ्यापासून मानेपर्यंत काहीही. मान्य. म्हणून माझं भांडण इंग्रजीशी नाहीच. माझं भांडण नाव सांगून लक्षण लपवण्याशी आहे. 'पित्त' सुद्धा दाराबाहेर ठेवा, आत मळमळ घेऊन या.

इंग्रजी लागेलच तेव्हा

मोठ्या शहरात कधी मराठी न येणारे डॉक्टर किंवा नर्स भेटतात. मुलं परदेशी असतात. तेव्हा इंग्रजी शब्द जरूर शिका, पण आजाराची नावं नकोत, संवेदनेचे शब्द शिका. ठसठस म्हणजे थ्रॉबिंग. आग, जळजळ म्हणजे बर्निंग. सणक म्हणजे शूटिंग. पायात गोळा येणं म्हणजे क्रॅम्प. मुंग्या म्हणजे टिंगलिंग, बधिरपणा म्हणजे नम्बनेस. मळमळ म्हणजे नॉशिया. उलटी वेगळी, ती व्हॉमिटिंग. छातीत धडधड म्हणजे पाल्पिटेशन. छाती आवळणं म्हणजे टाइटनेस, आणि दाबल्यासारखं म्हणजे प्रेशर. थकव्याला टायर्ड म्हणा. वीकनेस हा शब्द जोर गेला असेल तरच वापरा.

शब्द आठवला नाही तर हाताने दाखवा. छातीवर मूठ आवळून धरणारा पेशंट बघितला की कुठल्याही देशातला डॉक्टर सावध होतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची सुधारित व्याख्या दिली, तिच्यासोबत स्पष्ट म्हटलं आहे की बोलून सांगणं ही वेदना व्यक्त करण्याच्या अनेक रीतींपैकी एक आहे, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना

पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, हे आपल्याला वैद्यकीय शिक्षणात शिकवलेलं असतं. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या सुरुवातीला स्थानिक भाषेचा समावेश आहे. मग केसपेपरवर 'छातीवर पोतं ठेवल्यागत' असं देवनागरीत लिहायला हात का अडखळतो? 'अंगावरून वारं गेलं' आणि 'अंगावरून जातंय' यांतला फरक कळत नसेल तर तो पेशंटने आपल्याला शिकवायचा नाही, आपण शिकायचा. पेशंट आपल्या परीक्षेला बसलेला नाही.

पुढच्या वेळी येताना

दवाखान्यात यायच्या आधी घरीच, आपल्या भाषेत, एवढं ठरवून या:

- कुठे होतंय? बोट ठेवून दाखवा.
- कशासारखं वाटतं? टोचल्यासारखं, आवळल्यासारखं, चटक्यासारखं, जे असेल ते.
- कधी सुरू झालं, आणि तेव्हा काय करत होतात?
- सतत आहे की येऊन जातं? कुठे पसरतं?
- कशाने वाढतं, कशाने थांबतं?
- त्यामुळे कुठलं काम अडलं? 'किती दुखतं' याला 'लई' म्हणण्यापेक्षा 'धार काढायला बसता येत नाही' हे मला जास्त कळतं.

छाती आवळतेय, घाम फुटलाय, जबडा किंवा हात भरून आलाय. किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलीय, असं असेल तर शब्द शोधत बसू नका. १०८ला फोन करा आणि जे होतंय तेच सांगा.

मी कधी घाईत असेन आणि तुमच्या 'ॲसिडिटी'वर पटकन गोळी लिहायला लागलो तर मला थांबवा. म्हणा, "डॉक्टर, थांबा, काय होतंय ते आधी सांगतो." मला राग येणार नाही. आणि घरच्या आजी सोबत असतील तर आधी त्यांना बोलू द्या.